बूड टेकवायला जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही पाव फेरीच. मागच्या चाकावर उभी राहते, जागच्या जागी उड्या नीट मारते, आणि वळायचं म्हटलं की सायकल रुसते. पाव वळते आणि धप्, पुढचं चाक खाली. पुन्हा उचल. पुन्हा पाव.

नडगीवर पेडलच्या दातांची नवी ओळ उठली. जुनी अजून सुकायची आहे.

शेडबाहेरच्या चहावाल्याने सायकल खालून-वरून बघितली. "ताई, सीट कुणी नेलं वो?"

म्हटलं, नाहीच. अशीच येते. उड्या मारायची सायकल आहे, बसायची नाही.

"आन् दमल्यावर?"

दमल्यावर उभी राहते, म्हटलं. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. कीव आली असावी.

५ नोव्हेंबर, बुधवार

सलीमला काल व्हिडिओ पाठवला होता. ही सायकल त्याचीच, पुण्याला नोकरी लागली तेव्हा मला विकून गेला. त्याचा व्हॉइस मेसेज आला: "आधी पाव, मग अर्धी, मग पाऊण, मग पूर्ण गिरकी. पाय टेकायचा न्हाय मधी. टेकला की संपलं, पयल्यापासनं." त्याला काय, तो झोपेतही गिरकी मारतो.

सकाळी पोहे खाताना आण्णा म्हणाले, "वारणानगरला जागा निघाली हाय. कॉलेजच्या ऑफिसात. कांबळे काकांनी सांगितलं. पर्मनंट."

मी पोहे खात राहिले.

"चार नोकऱ्या केल्यास. एका जागी बूड ठरत न्हाय तुझं. एकतीस वरसाची झालीस, प्रज्ञा."

बरं म्हटलं, अर्ज करते. आई माझ्याकडे बघत होती, तिला माझं 'बरं' माहीत आहे.

खरं म्हणजे सध्याच्या ऑफिसात मला काही त्रास नाही. सी.ए.कडे आकडे भरायचे, संध्याकाळी घरी. त्रास नाही आणि तरी दुपारी तीन वाजता टेबलाखाली पाय हलत असतात. शेजारची म्हणते, भूकंप आला की काय वाटतं.

९ नोव्हेंबर, रविवार

अर्धी! पाय न टेकता! दाराकडे तोंड करून सुरू केलं आणि मागची भिंत समोर आली. ओरडले. शेड रिकामी, त्यामुळे आवाज घुमला, आणि शंकरमामा काठी घेऊन धावत आत आला. साप निघाला असं वाटलं त्याला.

शंकरमामा इथला वॉचमन. वर्कशॉप बंद पडून बरीच वर्षं झाली, मशिनं विकली, मामा राहिला. मला आत सोडतो ते आण्णांच्या नावावर, ते इथेच कामाला होते. फरशीवर ठिकठिकाणी बोल्ट वर आलेले आहेत, मशिनं घट्ट बसवायचे. तिसऱ्या खांबाजवळचे चार आण्णांच्या लेथचे. मी त्यांना लांबून वळसा घालते, टायर फाटेल.

आण्णा स्वतः कधी इथे येत नाहीत. उद्यमनगरातून जायचं असलं तरी दुसऱ्या गल्लीने जातात.

अर्धी झाली म्हणून दिवसभर खूश होते. मग रात्री वाटलं, अर्धी म्हणजे काय, अर्धी. माझ्याकडे अर्ध्या-पाऊण गोष्टींचं दुकान आहे. बी.एड. पाऊण. टॅली पाऊण. लग्नसुद्धा पाऊणच, पत्रिका छापायला जायच्या आधी मोडलं, दोन्हीकडून बरं झालं म्हणाले. एक तरी गोष्ट पुरी व्हावी की. कसली का असेना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वारणानगर. इंटरव्ह्यू. जाताना एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत होती, दोन ट्रॉल्या, ओव्हरटेकला जागा नाही. पोचले कशीबशी.

तिघे होते समोर. त्यातल्या बाई पुण्याच्या असाव्यात. विचारलं, आत्ता काय करता? मी छातीठोक, "मी राजारामपुरीत काम करतो." बाई हसल्या. मग मी 'करते' म्हटलं, तर आणखी हसल्या. बोलताना 'करतो', लिहिताना 'करते', कोल्हापूरच्या बाईला दोन्ही येतं, एवढं कळू नये?

नंतर तिथल्या हेडक्लार्कनी जागा दाखवली. रिटायर होतायत, गोड माणूस. खिडकी, कपाट, टेबल आणि फिरती खुर्ची. "बसून बघा की."

बसले. पायाने जरा रेटा दिला. खुर्ची सरळ गोल फिरून जागेवर आली. पूर्ण फेरी, विनासायास, आणि मी पाय टेकलेली.

इतकं वाईट वाटलं ना. आणि ते काका मात्र कौतुकाने बघत होते. "वंगण नवीन घातलंय," म्हणाले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

निवड झाली. ८ डिसेंबरपर्यंत कळवा, असा मेल.

आईने शिरा केला. आण्णांनी दोनदा मेल वाचायला लावला, 'कायमस्वरूपी' हा शब्द आला की मान हलवत होते. मी म्हटलं, विचार करते. "इचार?" म्हणाले. शिरा अर्धा तसाच राहिला त्यांचा.

कुणाला सांगणार नाही, इथे लिहून ठेवते. आठ तारखेच्या आत पूर्ण गिरकी झाली, पाय न टेकता, तर नाही म्हणायचं. नाही झाली तर मुकाट जायचं आणि परत कुरकुर करायची नाही.

पोरकट आहे. सायकल वारणानगरला नेता येते, तिथेही फरशा आहेत, हे मला कळत नाही असं नाही. प्रश्न सायकलीचा नाही. मी काहीतरी शेवटाला नेऊ शकते का, एवढंच बघायचंय. नेता येत असेल तर भीती कशाला, आणि नसेल येत तर निदान पगार तरी वेळेवर येईल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाऊण जमत नाही. अर्ध्यानंतर गरगरतं.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना आईला सहज म्हटलं, चक्कर येते गं फिरताना. ती हात न थांबवता म्हणाली, "खाली बगत असशील. फुगडी घालताना खाली बगायचं न्हाय. समोरचीच्या तोंडाकडं बगायचं. तोंड एका जाग्याला ऱ्हातं, मग जग फिरंना का."

आई मुरगूडची. आमच्यात पंचमी नाही, पण शाळेच्या मैदानावर तिच्याएवढी फुगडी कोणी घालत नव्हतं म्हणे. बसफुगडीत तर, उकिडवं बसून उड्या मारत फिरायची, समोरच्या पोरी दमून जायच्या, ही नाही. तिच्याच तोंडून ऐकलेलं, त्यामुळे थोडं वजा करावं लागेल. थोडंच.

उद्या हेच करून बघते. नजर एका जागी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दाराच्या कडीवर नजर ठेवून तीन दिवस. गरगरणं गेलं. आणि अर्धीसुद्धा गेली! पाव झाली की अंग पिळवटतं आणि मी पाठीवर. आज कोपर फुटलं.

व्हिडिओ पाठवला. सलीम हसून हसून बेजार. "आगं, डोकं मागंच ठेवून फिरालीस तू. नजर आदी टाक, मग खांदं, मग कंबर, सायकल येती मागनं आपोआप. कुणी शिकवलं हे?"

आईचं नाव सांगितलं नाही.

चुकलं कुठे ते ऑफिसला जाताना बसमध्ये लक्षात आलं. फुगडीत समोरची बाईही फिरत असते. तोंड एका जागेला राहतं, कारण ते तोंड आपल्याबरोबर फिरतंय. इथे माझ्याबरोबर कोण फिरतंय? कडी तर दारालाच.

उगाच डोळ्यात पाणी आलं. कोपर दुखत होतं, त्याचंही असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काय लिहू. सायकलला सीट बसलंय.

ऑफिसातून आले तर जिन्याखाली सायकल उभी, आणि तिच्यावर माझ्या शाळेच्या सायकलचं सीट. तेच, तपकिरी, खाली स्प्रिंगवालं. आण्णांनी माळ्यावरून पाईपसकट शोधून काढलं. नळीला धरायला क्लॅम्प केलाय, मित्राच्या वर्कशॉपात दिवसभर लेथवर स्वतः उभं राहून. आतून रबराची पट्टी, फ्रेमला ओरखडा पडू नये म्हणून.

"वेल्डिंग न्हाय मारलं. ॲल्युमिनियम हाय, फ्रेम बाद झाली असती. ठाऊक हाय मला." मग क्लॅम्पवरून बोट फिरवत, "हात लावून बग. एक सूत इकडं न्हाय, एक सूत तिकडं न्हाय."

खरंच नव्हतं. इतक्या वर्षांनी मशिनवर उभे राहिले होते आणि चेहरा असा की 'सीट नको' म्हणवेना.

"बस की," म्हणाले.

बसले. अंगणात एक चक्कर मारली. गुडघे हनुवटीला लागत होते, सर्कशीतल्या अस्वलासारखी दिसत असणार. आण्णांनी टाळी वाजवली. "आता कसं! बूड टेकवायला जागा नको व्हय माणसाला?"

थँक्यू म्हटलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

उडी मारायला आधी खाली दबावं लागतं, अगदी उकिडवं. दबले की सीट मांडीला, पोटाला, नको तिथे. दोन उड्या मारल्या, दुसरीत टोक बरगडीत घुसलं. श्वास अडकला क्षणभर.

पाना खिशात होता. काढता आलं असतं सकाळी, आणि घरी येताना परत लावता आलं असतं. शंकरमामा तेच म्हणाला. "म्हाताऱ्याला कशाला दुखवतीस? त्येला काय कळतंय?"

पाना लावला पण नट फिरवला नाही. त्यांना कळणारच. क्लॅम्पवर दुसऱ्याचा हात पडलेला त्यांना न कळेल, असं होईल का? आणि लपवाछपवी करून मारलेली गिरकी मला नको.

म्हणजे आता काहीच नको. नुसती शेडमध्ये सीटवर बसून राहिले. चहावाला लांबून अंगठा दाखवत होता, "आता झाक!"

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

भांडण. व्हायचंच होतं.

मी जेवताना म्हटलं, आण्णा, सीट काढायला लागेल, उडी मारता येत नाही. त्यांनी घास खाली ठेवला. "दुसरं मोठं आणू?" नाही, सीटच नको. "मग बसणार कशावर?" बसायचंच नाहीये मला! हे जरा मोठ्याने गेलं.

मग ते बोलले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू बोलले. "तीस वरसं मी उभा हुतो. शिफ्ट संपली की पाय हातानं उचलून पायडलवर ठेवायचो. फोरमनच्या खोलीत एक खुर्ची हुती, तिच्यावर कोण बसायचं न्हाय त्याच्याबिगर. मी ठरवलंतं, माझी पोरगी बसून पगार घेणार. आन् तू म्हणतीस बसायचंच न्हाय."

त्यांच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या गाठी मी लहानपणापासून बघतेय. तेल लावून दिलंय त्यांना कितीदा. कधी खुर्चीशी जोडलं नव्हतं मी ते.

मला त्यांच्या कुशीत शिरावंसं वाटलं आणि घरातून पळून जावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. ताट उचललं.

३० नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस घरात कुकरच्या शिट्ट्यांशिवाय आवाज नाही. सायकल जिन्याखाली, सीटसकट. मी शेडवर गेले नाही.

आज आई शेंगा सोलत होती, आण्णा पेपर उघडून बसले होते, वाचत नव्हते. आई मध्येच म्हणाली, "आवं, बसफुगडी घालताना कोण पाट घेतंय व्हय बुडाखाली?"

आण्णा: "काय?"

"पाट घेटला तर उडी कशी मारायची? आन् फुगडी घालणारी बाई जलमभर उकिडवीच ऱ्हाती काय? फुगडी झाली की बसती की पाटावर. मी बसलेच की तुमच्या घरात."

आण्णांनी पेपर उलटला. आई शेंगा सोलत राहिली. मी फुटेन असं हसू दाबत आत गेले.

संध्याकाळी बाहेर आले तर जिन्याखाली सायकल बिनसीटची. नळीवर ओरखडा नाही. सीट, पाईप, क्लॅम्प सगळं पिशवीत घालून आण्णा कुठेतरी निघाले होते. कुठे विचारलं तर, "काम हाय."

भंगारात देतील का? नको द्यायला.

३ डिसेंबर, बुधवार

पाऊण!! सलीमच्या सांगण्याप्रमाणे, नजर आधी. दार, मागची भिंत, खिडकी. खिडकीपर्यंत पाय वर. मग जणू कोणी मागून कुर्त्याला धरतं आणि पाय खाली.

खिडकीनंतर पुन्हा दार बघायचं असतं, तिथे डोळे जातच नाहीत. पहिल्यांदा निघालो तिथेच परत जायला अंग का कचरतं, कळत नाही.

दिवस संपत आले.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी तिघेही बिंदू चौकात. आण्णा पांढऱ्या शर्टात, इस्त्री आईने केलेली. मेणबत्त्या, गर्दी, ओळखीचे सगळे. पुतळ्याला हार घालून मागे वळलो तर कांबळे काका.

"जयभीम. काय मग, ऑर्डर घेतली का प्रज्ञानं? पेढं कुठं हाईत?"

आण्णा माझ्याकडे बघणार असं वाटलं, त्यांनी बघितलं नाही. "सांगील की ती. सोमवारपतूर टाइम हाय."

काका: "आता काय इचार करायचा त्यात? पर्मनंट हाय."

"तुम्हाला ठाऊक न्हाय," आण्णा म्हणाले, "तिचं एक काम चाललंय हितं. पुरं हुईना झालंय."

काकांनी विचारलं, कसलं काम? आण्णा म्हणाले, "गोल फिरायचं."

आईने पदर तोंडाला लावला. मी मेणबत्त्यांकडे बघत राहिले, मला कोणाचंच तोंड बघवेना.

पण यांना कसं माहीत, पुरं व्हायचं राहिलंय ते? मी तर कोणाला... शंकरमामा. दुसरं कोण.

७ डिसेंबर, रविवार

उद्या कळवायचं आहे. मेल उघडला, 'महोदय' लिहिलं, बंद केला. आधी सकाळचं लिहून टाकते.

पाऊण, पाऊण, पाऊण. खिडकी आली की पाय. वैतागून हेल्मेट काढलं, तेव्हा दारात आण्णा दिसले. हातात पिशवी. उंबऱ्याच्या बाहेरच उभे. शंकरमामा मागून म्हणाला, "आत जावा की, मिस्त्री. तुमचंच हाय." मिस्त्री हा शब्द ऐकून त्यांनी जरा मान वळवली. मग आत आले. वर पत्र्याकडे बघितलं, भिंतीकडे, फरशीकडे.

सरळ तिसऱ्या खांबापाशी गेले. पिशवीतून सीट काढलं. माझंच, तपकिरी, त्याच पाईपवर. खाली आता तीन पाय जोडलेले. तिपाई केलीय त्याची. चार बोल्टांच्या बरोबर मध्ये ठेवली, हलते का बघितली, आणि बसले. जिथे तीस वर्षं उभे होते तिथे, पाय पसरून.

"मी बसतो. तू मार उडी."

हेल्मेट परत घातलं. त्यांच्याकडे तोंड करून सुरू केलं, दार नको, कडी नको. मागचं चाक. जागची उडी, एक अजून. मग नजर टाकली. दार. भिंत. खिडकी. इथे नेहमीचं ते कुर्ता धरणं आलं, आणि खिडकीनंतर डोळे आपसूक पुढे गेले, कारण तिथे आण्णा होते. उडी मारली. चाक त्यांच्यासमोर येऊन थांबलं.

पण मधे कुठेतरी डावा पाय सुटल्यासारखा वाटला. फरशीला लागला की नुसताच हलला, देवाशपथ कळलं नाही.

धापा टाकत विचारलं, "आण्णा, पाय टेकला व्हय?"

"कुणाला ठाऊक."

"समोर बसून बघत होता की तुम्ही!"

"तुझ्या तोंडाकडं बघत हुतो. पायाकडं कोण बघतंय?" सीटवर जरा पुढे सरकून बसले. "परत मार."